टाकीवरची वाकडी रेघ

पेंटरीणबाईंनी जन्मात कधी साधं स्टूलसुद्धा रंगवलं नव्हतं. पण नवरा पेंटर, म्हणून त्या पेंटरीणबाई झाल्या, आणि लग्नानंतर लोकांनी त्यांचं खरं नाव जे बाजूला ठेवलं ते कायमचंच. त्या स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर उभं राहून, दोरी न लावता, नुसत्या नजरेनं अशी सरळ रेघ मारायचे की खाली उभा असलेला दुकानदार फूटपट्टी घेऊन वर चढायचा आणि गप खाली उतरायचा.

दोघं निवृत्त झाले तेव्हा राहती जागा मुलीला दिली आणि एक जुना ट्रेलर घेतला. मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांचं घर. आतून एखाद्या बोळाएवढं अरुंद. जेवायचं टेबल खाली पाडलं की त्याचा पलंग व्हायचा, आणि एकजण कपाट उघडत असेल तर दुसऱ्याला न्हाणीत जाऊन उभं राहावं लागायचं. "आता भांडलो तरी लांब जायची सोय नाही," असं पेंटर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. उन्हाळाभर ते ट्रेलर घेऊन फिरायचे आणि थंडी पडायला लागली की एका गावाबाहेरच्या तळावर येऊन थांबायचे. तिथे असे बरेच ट्रेलर ओळीनं उभे असत. पाण्याचा नळ, विजेचा खांब, कपडे धुवायची खोली, आणि तासाला एक बस.

कामाची वाटणी ठरलेली होती. दाराच्या आतलं सगळं बाईंचं, बाहेरचं सगळं पेंटरांचं. बाहेरचं म्हणजे चाकं, बॅटरी, जोडणीची दांडी आणि त्या दांडीवर शेजारी शेजारी बसवलेल्या गॅसच्या दोन टाक्या. थंडीत त्या टाक्यांवरच सगळं चालायचं. हीटर, शेगडी, आंघोळीचं पाणी, फ्रीज, सगळ्याला गॅस. एक टाकी संपली की रेग्युलेटर आपला आपण दुसरीवर जायचा आणि त्याच्या बारक्या खिडकीत हिरव्याच्या जागी लाल दिसायला लागायचं. आतल्या माणसाला काही कळायचं नाही, शेगडी तशीच जळत राहायची. म्हणून कुणीतरी बाहेर जाऊन बघायला हवं.

पेंटरांचा त्या खिडकीवर विश्वास नव्हता. ते मगभर गरम पाणी घेऊन टाकीच्या अंगावरून ओतायचे आणि तळहात वरून खाली फिरवायचे. गॅस संपलेल्या भागात पत्रा कोमट लागायचा आणि जिथे गॅस असेल तिथून खाली एकदम गार. जिथे गार लागलं तिथे ते निळ्या खडूनं एक आडवी रेघ मारायचे. कामावर मारायचे तशीच. शेजारच्या ट्रेलरमधले लोक ती रेघ बघायला यायचे.

अशी कित्येक वर्षं गेली. मग एका वर्षी कडाक्याच्या थंडीत, पहाटे, हीटर बंद पडला. बाईंना जाग आली ती नाकाचा शेंडा बधिर झाल्यामुळे. पेंटर उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं आत आले.

"दोन्ही संपल्यात," ते म्हणाले. "बघायचं राहूनच गेलं."

बाईंना आठवडाभर ताप आला. तसं फार काही नव्हतं, पण पेंटर तो आठवडाभर त्यांच्या उशाशी असे बसले होते की जणू त्यांनीच हातानं ताप आणून दिला होता. बाईंनी फोनवर मुलीला सांगितलं. नंतर वाटलं, सांगायला नको होतं.

"आई, बाबा विसरायला लागलेत," मुलगी म्हणाली. "मागच्या खेपेला त्यांनी नळ चालू ठेवला होता, आठवतंय ना? मी एक वस्तू पाठवते. टाकीच्या बुडाला चिकटवायची. किती गॅस उरलाय ते तुझ्या मोबाईलवर दिसेल."

"त्यांना आवडायचं नाही."

"मग सांगू नकोस."

ती वस्तू आली. पेढ्याएवढी काळी चकती, लोहचुंबकाची. पेंटर सकाळी फिरायला गेले तेव्हा बाईंनी खाली वाकून ती चालू टाकीच्या बुडाला चिकटवली. हात टाकीच्या खाली गेला आणि चकती खटकन बसली, त्या आवाजानं त्या उगीचच दचकल्या. दुसऱ्याचं पाकीट चाचपताना दचकावं तशा.

त्यानंतर त्यांना खोडच लागली. भाजी चिरताना, नळावर बादली भरताना, पेंटर डुलकी काढत असताना त्या मोबाईल उघडून बघायच्या. निम्मा. निम्म्याच्या खाली. पेंटर आपले मग घेऊन बाहेर जायचे, यायचे, आणि म्हणायचे, "अजून आहे बरं का." बाई म्हणायच्या, "हो का?" एक्स्चेंजमध्ये असताना दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही हा त्यांचा नेम होता. एवढ्या वर्षांत तो कधी मोडला नव्हता. घरात मात्र त्या नवऱ्याच्या मागे कान लावून बसल्या होत्या.

इथवर ठीक होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग थंडीची मोठी लाट येणार असं बातम्यांत सांगायला लागले. दुसरी टाकी रिकामीच होती, पेंटर ती भरून आणणार होते. चालू टाकी मोबाईलवर तळाला टेकत आलेली दिसत होती. बाईंनी खिडकीतून पाहिलं तर टाकीवरची खडूची रेघ चांगली वर होती, तिसऱ्या हिश्श्यापाशी. त्यांना वाटलं, रेघ जुनी आहे, यांनी पुन्हा बघितलेलंच नाही. विचारायला काय झालं होतं? "अहो, गॅस बघितला का?" एवढंच. पण मागच्या तापातला पेंटरांचा तो चेहरा त्यांना आठवला आणि तोंड उघडेना.

पेंटर बाजारात गेल्यावर त्यांनी गॅसच्या दुकानात फोन केला. गॅसवाला ढकलगाडीवर भरलेली टाकी घेऊन आला. चांगला माणूस, पेंटरांना मानायचा.

"दोन्ही बदलू का?"

"नको, चालू आहे तेवढीच. दुसरी ते स्वतः भरून आणणार आहेत. आणि पेंटरांना बोलू नका."

"का हो?"

"त्यांना वाईट वाटेल."

गॅसवाल्यानं जुनी टाकी काढली, नवी बसवली, साबणाचं पाणी लावून गळती तपासली. चकती तिच्या बुडाला सरकवली. निघताना म्हणाला, "मावशी, रेघ?"

नव्या टाकीवर रेघ नव्हती. बाई आत गेल्या, खडू घेऊन आल्या आणि जुन्या टाकीवर होती तेवढ्याच उंचीवर एक रेघ ओढून दिली. टाकीचा पत्रा गोल, हात सवयीचा नाही, थंडीनं बोटं आखडलेली. रेघ मध्येच खाली आली आणि मग वर गेली. गॅसवाल्यानं ती पाहिली आणि जुनी टाकी ढकलगाडीवर चढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर मग घेऊन बाहेर गेले. बाई ओट्याशी उभ्या होत्या. खिडकीतून त्यांना ते पाठमोरे दिसत होते. पेंटरांनी पाणी ओतलं, हात फिरवला. थांबले. पुन्हा आत येऊन पाणी घेऊन गेले, पुन्हा ओतलं. टाकी वरपासून गार होती. मग ते खाली उकिडवे बसले आणि त्या रेघेकडे बघत राहिले. रेघेवरून एक बोट हळूहळू फिरवलं, जिथे ती खाली उतरली होती तिथे थांबवलं. नंतर स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला.

आत आल्यावर त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"गुरुवार," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी," असं म्हणून ते खाली बसले.

खरं तर त्याच क्षणी सांगून टाकायचं. बाईंना ते तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी मनाची समजूत काढली की आता बोललं तर ते दुखावतील, दोनचार दिवसांत विसरून जातील, नाहीतरी विसरताहेतच. ही शेवटची गोष्ट मनात आली आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. तरी त्या गप्प राहिल्या. आणि एकदा गप्प राहिल्यावर पुढच्या वेळी गप्प राहणं सोपं गेलं. थंडी संपेपर्यंत त्यांनी आणखी दोनदा तसंच केलं. दोन्ही वेळा रेघही ओढली. मन लावून, श्वास रोखून ओढली, तरी वाकडीच आली.

पेंटर बदलत गेले ते हळूहळू. आधी ते गाडीची किल्ली दोनदा खिशात चाचपायचे, आता पाचदा. बाजारातून आल्यावर पिशवीतली एकेक वस्तू काढून बाईंना विचारायचे, "हेच आणायचं होतं ना?" तळावरच्या कुणीतरी ट्रेलरच्या मागे नाव रंगवून मागितलं तर म्हणाले, "आता हात राहिला नाही." बाईंनी ते ऐकलं आणि हातातला कपडा पिळत राहिल्या. त्यातून पाणी यायचं केव्हाच थांबलं होतं.

एक दिवस पेंटर स्वतःच म्हणाले, "डॉक्टरांना दाखवू या."

डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. भिंतीवर मेंदूचं चित्र, टेबलावर कागदी फुलं. त्यांनी विचारलं, "काय काय जाणवतं, काका?"

पेंटर खुर्चीत पुढे सरकून बसले. पाटीचा मजकूर ठरवून घ्यायला बसायचे तसे.

"नळ एकदा चालू राहिला. एकदा गॅस बघायचा राहिला. ते मी समजू शकतो, वय झालं. पण डॉक्टर, मी आदल्या दिवशी गॅस बघतो, खूण करतो, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर गॅस वाढलेला असतो. गॅस वाढत नाही हे मला कळतं. म्हणजे मी खूण केली तेव्हा मी काय बघत होतो? आणि खूण माझी, पण हात माझा नाही. जन्मभर रेघा मारल्या मी. असली रेघ मी शाळेतही मारली नव्हती."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. "तुम्हालाही असं काही दिसलं का?"

बाईंच्या ओठांवर आलं होतं. खोली गरम होती, मांडीवरच्या पर्सचा बंद त्यांनी बोटाला गुंडाळला होता. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की ती रेघ माझी. पण मग डॉक्टर विचारतील, का? हे विचारतील, केव्हापासून? आणि तेही या परक्या माणसासमोर, या खुर्चीत.

"थोडं विसरतात," बाई म्हणाल्या.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाल्या की विसरण्याच्या आजाराची सुरुवात असू शकते, आत्ताच काही ठाम सांगता येणार नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या. गाडी चालवायची की नाही हे सध्या तुम्हीच ठरवा, पण जपून. बाहेर आल्यावर पेंटरांनी गाडीची किल्ली खिशातून काढली, बघितली, आणि गाडी इतकी हळू चालवत आणली की मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

पुढच्याच आठवड्यात ते म्हणाले, "लायसन परत देऊन येतो. उगीच कुणाच्या पोरावर गाडी घालायची आणि मग रडत बसायचं."

"घाई कशाला करता?" बाईंनी विचारलं.

"घाई नाही. मी तुला शेजारी बसवून चालवतो, आणि काल काय बघितलं ते मला आज सांगता येत नाही."

त्यांनी शर्ट काढून दिला आणि बाईंनी त्याला इस्त्री करून दिली. कॉलरवरून इस्त्री फिरवताना त्यांच्या मनात एकच होतं की आता सांग, बये, आता तरी सांग. शर्ट तयार झाला, पेंटरांनी तो घातला, बटणं लावली आणि बसनं निघून गेले. परत आले तेही बसनं. महिन्याच्या आत मुलगी येऊन गाडी घेऊन गेली. ट्रेलर जागेवर, पुढची दांडी मोकळी.

गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. पेंटर आले आणि त्यांनी खडू बाईंच्या हातावर ठेवला.

"यापुढे गॅस तू बघ. माझ्यावर सोडू नकोस."

बाईंनी सुरी खाली ठेवली.

"अहो, ती रेघ मी ओढली होती."

"कुठली?"

"वाकडी. तिन्ही वेळा. मी टाकी बदलून घेतली होती गॅसवाल्याकडून. तुम्ही बाजारात गेल्यावर. तुम्हाला कळू नये म्हणून तशीच रेघ ओढली. गॅस वाढला नव्हता. तुम्ही बघितलं ते बरोबर होतं."

पेंटर उभेच होते. बाईंनी मोबाईल आणि चकतीचंही सांगितलं, मुलीचं नाव न घेता. शेजारच्या ट्रेलरमधला रेडिओ चालू होता, कुणीतरी बाजारभाव सांगत होतं.

"पहिल्या वेळी मी आदल्याच दिवशी बघितलं होतं," पेंटर शेवटी म्हणाले. "तिसरा हिस्सा होता."

"मोबाईलवर कमी दिसत होता."

"थंडीत तुझं ते यंत्र खोटं बोलत असेल. माझा हात नव्हता बोलत."

"नसेल."

"डॉक्टरांकडे बसली होतीस, तेव्हा तुला हे माहीत होतं."

ते विचारत नव्हते. तरी बाईंनी उत्तर दिलं. "हो."

"आणि शर्टाला इस्त्री केलीस तेव्हा."

"हो."

"बरं," पेंटर म्हणाले आणि फिरायला निघून गेले. जेवायच्या वेळेला आले, जेवले, भांडी घासली. कधी नव्हे ती त्यांनी भांडी घासली आणि बाईंना ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्यात कामापुरतं बोलणं चाललं. मीठ कुठाय, बस गेली का, उद्या पाणी येणार नाही. बोळाएवढ्या घरात दोन माणसं एकमेकांना अंग न लागता कशी वावरू शकतात हे बाईंना तेव्हा कळलं. गॅसवाला एकदा मान खाली घालून आला. दुकानाची पाटी नव्यानं रंगवून द्याल का, म्हणाला. पेंटर म्हणाले, "पाटी कशाला हवी तुला? लोकांना तुझं दुकान चोरून सापडतंच की." गॅसवाला ओशाळून हसला. पेंटर हसले नाहीत. पण दोन दिवसांनी त्यांनी ती पाटी रंगवायला घेतली. बाई लांबून बघत होत्या. अक्षरं पहिल्यासारखीच येत होती, फक्त वेळ जास्त लागत होता.

बाईंनी डॉक्टरांकडे एकटीनं जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, पण बराच वेळ पेन बोटांत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, पुढच्या तपासणीत बघू, नळाचं आणि बाकीचं तर आहेच. सहा महिन्यांनी तपासणी झाली. विसरणं होतं, ते खरंच होतं, पण फार पुढे गेलेलं नव्हतं. लायसनसाठी मात्र पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागणार होती, वर डॉक्टरांचा दाखला. मुलगी म्हणाली, "बाबा, मी सगळं भरून देते, तुम्ही फक्त चला." पेंटर नाही म्हणाले.

"तुम्ही चांगली चालवता अजून," बाई म्हणाल्या.

"चालवतो ना. पण आता चालवताना माझ्या मनात येणार, आज मी बरोबर बघतोय की नाही. ते तू काढू शकत नाहीस आणि मलाही काढता येत नाही."

विसरणं बाईंनी आणलं नव्हतं, ते आपल्या पायानं आलं असतं. पण अजून दोन उन्हाळे, कदाचित तीन, त्यांनी पेंटरांच्या हातून काढून घेतले होते, आणि तेही जपायच्या नावाखाली.

गॅस पुन्हा पेंटरच बघायला लागले. चकती बाईंनी काढून मुलीकडे परत पाठवली. आता त्या सकाळी चहा ओतताना सरळ विचारतात, "अहो, गॅस बघितला का?" कधी पेंटर म्हणतात, "बघितला." कधी म्हणतात, "राहिलाच," आणि उठतात. त्यांना राग येत नाही. एवढंच विचारायचं होतं आणि त्यात कुणाला काही लागत नव्हतं, हे रोज सकाळी बाईंना नव्यानं कळतं आणि चहा कडू होतो.

पुढची थंडी सरली आणि तळावरचे ट्रेलर एकेक करून निघायला लागले. पेंटर प्रत्येकाला मागे घ्यायला मदत करत होते, हात वर करून, "या, या, डावीकडे, बास." ओळ विरळ होत गेली. शेवटी मुलगी गाडी घेऊन आली आणि म्हणाली, नदीपर्यंत तरी जाऊ, मी ओढते. पेंटर आधी नको म्हणाले, मग दांडी जोडून देताना तिच्या दोन चुका दाखवल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

बाई मागे बसल्या. मुलगी चांगली चालवत होती. रस्ता घाटाचा होता, ट्रेलर मागून धीम्यानं येत होता. पेंटर खिडकीबाहेर बघत होते, कुठलीशी जुनी पाटी दाखवत होते, मजेत होते असं कुणालाही वाटलं असतं. पण प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत होता, जिथे ब्रेक नव्हता तिथे. बाईंना मागून फक्त गुडघा दिसत होता. नदी येईपर्यंत त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.